सत्त्याण्णव आमदार आणि एक कोंबडा

नटी राजकारणात आली की आपल्याकडे दोन वाक्यं तयार असतात. जिंकली तर ‘चेहऱ्यावर निवडून आली’, पडली तर ‘नटीला काय कळतंय राजकारणातलं’. निकाल काहीही लागो, कारण एकच, चेहरा. उत्तर मुंबईचंच बघा. २००४ साली तिथे गोविंदाने राम नाईकांना हरवलं आणि २०१९ साली उर्मिला मातोंडकर साडेचार लाखांहून जास्त मतांनी पडल्या. मधल्या काळात मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या हे खरं, पण पडद्यावरची ओळख दोघांचीही काही थोडीथोडकी नव्हती. मग त्या ओळखीने नेमकं काय केलं?

राजकारणात असे प्रश्न तपासायला प्रयोगशाळा मिळत नाही. तमिळनाडूने मात्र २१ जानेवारी १९८९ रोजी जवळपास तसा प्रयोगच लावला होता. एकाच पक्षाची दोन शकलं झाली होती आणि दोन्हींच्या प्रमुख जुन्या नट्या होत्या. शिवाय एकीच्या विरोधात उभी केलेली उमेदवारही नटीच, आणि दुसरीच्या बाजूला तमिळ पडद्यावरचा सर्वात मोठा नट. चेहरा सगळ्यांकडेच असल्यामुळे तो हिशेबातून वजा करता येतो आणि उरतं ते बघता येतं. म्हणून जयललितांच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुख्यमंत्रिपदापेक्षा मला त्यांची ही पहिली, हरलेली निवडणूक जास्त अभ्यासण्यासारखी वाटते.

राजाजी हॉल

२४ डिसेंबर १९८७ च्या पहाटे एम. जी. रामचंद्रन गेले. एमजीआर १९७७ पासून मुख्यमंत्री होते आणि अण्णाद्रमुक हा त्यांनी द्रमुक फोडून १९७२ साली काढलेला पक्ष. वारस कोण, हे त्यांनी उघडपणे कधीच सांगितलं नव्हतं. बहुतेक मोठ्या पुढाऱ्यांसारखाच त्यांनाही दुसरा क्रमांक नको होता.

जयललिता तेव्हा राज्यसभेच्या खासदार होत्या, वय एकोणचाळीस. बातमी कळल्यावर त्या एमजीआरांच्या रामावरमच्या घरी गेल्या, पण आत घेतलं गेलं नाही. पार्थिव राजाजी हॉलमध्ये आणलं तेव्हा त्या तिथे पोचल्या आणि उशाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी तेरा तास आणि दुसऱ्या दिवशी आठ तास. दर्शनाच्या रांगेतल्या लाखो माणसांनी एमजीआरांचा चेहरा पाहिला आणि त्याच नजरेत, न हलता उभी असलेली ही बाईही पाहिली. आजूबाजूला उभ्या असलेल्या, एमजीआरांच्या पत्नी जानकी यांच्या गोटातल्या बायका आपल्या पायांवर पाय देत होत्या, चिमटे काढत होत्या, असं जयललितांनी पुढे सांगितलं. त्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पार्थिव तोफगाड्यावर ठेवलं. जयललिता गाड्यावर चढू लागल्या तेव्हा जानकींच्या नात्यातल्या एका तरुणाने आणि एका आमदाराने त्यांना ढकलून खाली उतरवलं. त्या अंत्ययात्रेला न जाता घरी परतल्या.

जयललितांवरचं जवळजवळ प्रत्येक लेखन या ढकलण्यापाशी थांबतं : इथेच सहानुभूतीची लाट उठली आणि पुढचं सगळं त्यातून झालं. मला हे पटत नाही. डिसेंबर १९८७ आणि मतदान यांच्यात तेरा महिने गेले. सहानुभूती इतकी टिकत नाही, आणि नुसत्या सहानुभूतीवर मतं मिळणार असती तर ती विधवेला आधी मिळाली असती.

पडद्यावरून पक्षात

इथे थोडं मागे जावं लागेल. जयललितांचा जन्म २४ फेब्रुवारी १९४८ चा, कर्नाटकातल्या मेलुकोटेचा. घर तमिळ अय्यंगारांचं, आई संध्या सिनेमात छोटी-मोठी कामं करणारी. मुलगी चेन्नईच्या चर्च पार्क कॉन्व्हेंटमध्ये हुशार म्हणून नावाजलेली. १९६५ साली श्रीधर यांच्या ‘वेन्निर आडै’मधून ती तमिळ पडद्यावर आली. एमजीआरांबरोबर तिने अठ्ठावीस चित्रपट केले.

अण्णाद्रमुकमध्ये त्या आल्या १९८२ साली. पुढच्या वर्षी एमजीआरांनी त्यांना पक्षाच्या प्रचार सचिव केलं. हे पद शोभेचं ठेवता आलं असतं. नट-नट्यांना पक्ष जे काम देतात ते आपल्याला माहीत आहे : निवडणुकीआधी दहा दिवस उघड्या जीपमधून हात हलवायचा आणि निकालानंतर घरी जायचं. जयललितांनी तसं केलं नाही. १९८३ च्या तिरुचेंदूर पोटनिवडणुकीत त्या गावोगाव फिरल्या आणि पक्षाने ती जागा जिंकली. शाळेतल्या माध्यान्ह भोजनाची एमजीआरांची योजना १९८२ साली सुरू झाली होती. तिच्या समितीवर असल्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांची स्वयंपाकघरं बघायला जायला त्यांना निमित्त होतं. जिल्हा सचिव, तालुक्याचे कार्यकर्ते, रसिगर मन्रम म्हणजे एमजीआर चाहत्यांच्या शाखा चालवणारी पोरं, ही माणसं त्यांना नावानिशी कळली ती याच काळात.

रसिगर मन्रम हे प्रकरण आपल्याला चटकन समजत नाही, कारण आपल्याकडे फॅन क्लब म्हणजे वाढदिवसाला कटआउटवर दूध ओतणारे, एवढीच समजूत. तमिळनाडूत हे मंडळ पक्षाची वस्तीवरची शाखाच असे. रक्तदान, पाणीटंचाईचे अर्ज, रेशनकार्ड, पोलीस ठाण्यात कुणाला सोडवायला जाणं, सगळं तिथून. १९८६ साली मदुराईला या मंडळांचं मोठं संमेलन झालं तेव्हा जयललितांनी एमजीआरांना चांदीचा राजदंड भेट दिला आणि त्यांनी तो परत त्यांच्याच हाती दिला. पुढे समर्थकांनी वारसदार कोण याचा पुरावा म्हणून तेच छायाचित्र फिरवलं.

१९८४ साली त्यांना राज्यसभेवर पाठवलं. इंग्रजी उत्तम, त्यामुळे दिल्लीत पक्षाचा आवाज म्हणून उपयोग होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एमजीआर आजारी पडले आणि उपचारांसाठी त्यांना न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला हलवलं. डिसेंबरच्या निवडणुकीत ते परदेशातल्या रुग्णालयातूनच आंडिपट्टीतून निवडून आले. इकडे जयललितांनी प्रचार केला, पण पक्षातल्या वरिष्ठांनी त्यांचे पंख छाटायचाही प्रयत्न केला. प्रचार सचिवपद गेलं, परत मिळालं. थोडक्यात, एमजीआर गेले तेव्हा पक्षाच्या वरच्या मजल्यावर त्यांना फारसं कुणी नको होतं आणि खालच्या मजल्यावर त्या सगळ्यांना ओळखीच्या होत्या.

जानकी

जानकी रामचंद्रन यांच्याविषयी नेहमी हिणकस लिहिलं जातं, ते अन्यायाचं आहे. केरळातल्या वैकमच्या जानकी चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून तमिळ सिनेमात नायिका होत्या. १९५० च्या एका गाजलेल्या चित्रपटात एमजीआरांच्या नायिका त्याच होत्या, म्हणजे जयललिता दोन वर्षांच्या असताना. लग्नानंतर त्यांनी काम सोडलं. रामावरमच्या घरी आलेल्या कार्यकर्त्याला जेवल्याशिवाय परत जाऊ द्यायचं नाही, ही एमजीआरांची ख्याती सांभाळली ती या बाईने. ब्रुकलिनच्या रुग्णालयात नवऱ्याच्या उशाशी त्या होत्या. चेन्नईत लॉइड्स रोडवरची पक्ष कार्यालयाची इमारतसुद्धा त्यांच्याच मालकीची होती, ती त्यांनी पक्षाला दिली.

पक्षाच्या १३० च्या आसपास आमदारांपैकी ९७ जानकींच्या मागे उभे राहिले. जयललितांकडे सुमारे तीस. ज्येष्ठ मंत्री नेडुंचेळियन हंगामी मुख्यमंत्री होते आणि तेव्हा ते जयललितांच्या बाजूला गेले. ७ जानेवारी १९८८ रोजी राज्यपाल सुंदरलाल खुराणा यांनी जानकींना शपथ दिली. तमिळनाडूच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री त्याच, जयललिता नव्हेत. हे आजही पुष्कळांना माहीत नसतं. बहुमत सिद्ध करायला तीन आठवडे मिळाले.

२८ जानेवारीला विधानसभेत जे झालं त्याला मतदान म्हणणं अवघड आहे. काँग्रेसकडे साठेक आमदार होते आणि दिल्लीहून राजीव गांधींचा निरोप होता की जानकींना पाठिंबा द्यायचा नाही. सभापती पी. एच. पांडियन जानकींच्या गोटातले. त्यांनी काही विरोधी आमदार अपात्र ठरवले. सभागृहात माइक उपटून फेकले गेले, डोकी फुटली आणि शेवटी पोलीस आत शिरून त्यांनी लाठ्या चालवल्या. त्या गोंधळातच ठराव मंजूर झाल्याचं सभापतींनी जाहीर केलं. दोन दिवसांनी, ३० जानेवारीला, केंद्राने सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लावली.

या टप्प्यावर एखाद्या जाणत्या पत्रकाराला पैज लावायला सांगितली असती, तर त्याने जानकींवर लावली असती. आमदार त्यांच्याकडे, आडनाव त्यांच्याकडे, इमारत त्यांची. आणखी एक गोष्ट मात्र होती आणि ती बहुतेकांनी मोजली नाही. पक्षाच्या घटनेत एमजीआरांनी एक अट घालून ठेवली होती : सरचिटणीस निवडायचा तो प्राथमिक सदस्यांनी, आमदारांनी किंवा कार्यकारिणीने नव्हे. या पक्षात मालकी खालच्या माणसाची, असं निदान कागदावर तरी लिहिलेलं होतं. जयललितांनी आपल्या गटाकडून सरचिटणीसपद घेतलं आणि १९८८ चं वर्ष याच खालच्या माणसाकडे जाण्यात घालवलं.

दोन पानं गोठली

चिन्हाचं भांडण आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण गोठला आणि एका गटाला मशाल, दुसऱ्याला ढाल-तलवार मिळाली, हे सगळ्यांनी पाहिलंय. नियमही तोच, १९६८ च्या चिन्ह आदेशातला परिच्छेद १५. अण्णाद्रमुकचं चिन्ह ‘दोन पानं’. १९७३ च्या दिंडिगल पोटनिवडणुकीत नवख्या पक्षाने ही पानं घेऊन मैदान मारलं तेव्हापासून ती एमजीआरांचीच ओळख झाली. तमिळ खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला उमेदवाराचं नाव विचाराल तर सांगता येणार नाही, पण ‘इरट्टै इलै’ कुठे आहे ते ती मतपत्रिकेवर बोट ठेवून दाखवेल. निवडणूक आयोगाने ती दोघींनाही नाकारली. जयललितांच्या गटाला कोंबडा मिळाला आणि जानकींच्या गटाला पारव्यांची जोडी.

प्रयोग इथे पूर्ण होतो. चेहरा दोघींकडे, चिन्ह दोघींकडेही नाही.

उरलेली पात्रयोजना कुणा पटकथालेखकाने लिहावी तशी आहे. जयललिता बोडिनायक्कनूरमधून उभ्या राहिल्या. तिथे जानकींच्या गटाने दिलेली उमेदवार म्हणजे वेन्निर आडै निर्मला. ज्या चित्रपटातून जयललिता आल्या त्याच चित्रपटातून आलेली आणि त्याचं नाव आयुष्यभर नावापुढे लागलेली ही नटी. (याच निर्मलांना १९८६ साली एमजीआरांनी विधान परिषदेवर पाठवायचं ठरवलं होतं. त्या न्यायालयाने दिवाळखोर ठरवलेल्या असल्याने ते फसलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एमजीआरांनी विधान परिषदच बरखास्त करायचा ठराव आणला. परिषद गेली ती आजतागायत परत आलेली नाही.) जानकी स्वतः नवऱ्याच्या आंडिपट्टीतून उभ्या. दोन्ही मतदारसंघ तेव्हाच्या मदुराई जिल्ह्यात, एकमेकांपासून फार लांब नाहीत.

आणि शिवाजी गणेशन. या माणसाचं आपल्याशी नातं आहे. व्ही. सी. गणेशन हे मूळ नाव; अण्णादुरैंच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि ती पाहून पेरियार रामस्वामींनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटलं, ते कायमचं चिकटलं. वर्षानुवर्षं काँग्रेसमध्ये राहिलेल्या या नटाने १९८८ साली, काँग्रेसने जानकींना वाऱ्यावर सोडलं म्हणून पक्ष सोडला. स्वतःचा पक्ष काढला, जानकींशी युती केली आणि तिरुवैयारुमधून उभे राहिले. कावेरीकाठचं तंजावूरजवळचं हे गाव. तंजावूर म्हणजे त्यांचा बालेकिल्लाच मानला जायचा. अभिनयात त्यांच्या तोडीचं त्या वेळी तमिळमध्ये कुणी नव्हतं, हे एमजीआरांचे चाहतेही खासगीत मान्य करत.

निकाल. द्रमुक १५० जागांसह सत्तेत, करुणानिधी तेरा वर्षांनी पुन्हा मुख्यमंत्री. जयललितांचा कोंबडा २७. काँग्रेस स्वबळावर लढून २६. जानकींचे पारवे २. आंडिपट्टीत जानकी पडल्या. बोडीत निर्मला पडल्या आणि जयललिता जिंकल्या. तिरुवैयारुत शिवाजी गणेशन द्रमुकच्या एका साध्या उमेदवाराकडून दहा हजारांहून जास्त मतांनी पडले.

मतांची टक्केवारी जास्त बोलकी आहे. जयललितांना सुमारे २१ टक्के, जानकींना सुमारे ९. द्रमुकची मतं ३३ टक्के. म्हणजे एमजीआरांची मतं कुठे गेली नव्हती, ती दोन चिन्हांत वाटली गेली होती, आणि वाटणी ७० : ३० ची झाली होती. आमदारांची वाटणी बरोबर उलटी होती.

जानकींचे ९७ आमदार गेले कुठे? त्यांना सत्ता आहे तिथे राहायचं होतं. ते विधवेच्या मागे नव्हतेच, मुख्यमंत्र्याच्या मागे होते. मुख्यमंत्री उरला नाही तेव्हा त्यांच्याकडे गावात जाऊन सांगण्यासारखं काही उरलं नाही. जयललितांकडे आमदार नव्हते पण जिल्ह्याजिल्ह्यांत पोस्टर लावणारी पोरं होती, आणि नवं चिन्ह भिंतीवर रंगवायला तीच लागतात. ‘दोन पानं’ असती तर भिंत न रंगवताही मतं पडली असती. कोंबडा लोकांपर्यंत कुणीतरी चालत नेऊन पोचवावा लागला.

जानकींनी निकाल वाचला आणि त्या बाजूला झाल्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये दोन्ही गट एक झाले, जयललिता सरचिटणीस झाल्या. दोन पानं परत मिळाली, आयोगाला निवाडा करावाच लागला नाही. हा समजूतदारपणा दाखवणारा पराभूत नेता मला भारतीय राजकारणात फार आठवत नाही. ११ मार्चला मदुराई पूर्व आणि मरुंगापुरी इथे मतदान झालं आणि सत्ताधारी द्रमुकला धूळ चारून अण्णाद्रमुकने दोन्ही जागा जिंकल्या.

मार्च १९८९

इथवरचं वाचून जयललिता पहिल्यापासून पोलादी होत्या असं वाटेल. तसं नव्हतं. याच मार्चमध्ये त्यांनी आमदारकीचा राजीनामा देणारं पत्र लिहून ठेवलं होतं. ते त्यांनी पाठवलं नव्हतं, पण त्यांच्या एका सहकाऱ्याच्या घरी पोलिसांच्या झडतीत सापडलं आणि सभापतींकडे पोचलं. सोडून द्यावं असं त्यांना मनापासून वाटलं होतं, एवढं तरी त्यावरून दिसतं.

२५ मार्चला करुणानिधी अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले आणि काही मिनिटांत सभागृहात हाणामारी झाली. करुणानिधींचा चष्मा फुटला. आपल्याला मारहाण झाली, साडी ओढली गेली, असा जयललितांचा आरोप. द्रमुकने तो सपशेल नाकारला आणि सगळा बनाव असल्याचं म्हटलं. विस्कटलेले केस, फाटलेली साडी अशा अवस्थेत त्या बाहेर आल्या. स्त्रीला मानाने वावरता येईल अशी परिस्थिती होईपर्यंत या सभागृहात पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. द्रौपदीची उपमा द्यायला तमिळ वृत्तपत्रांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसशी युती करून ३९ पैकी ३८ जागा. १९९१ साली, राजीव गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, युतीला २३४ पैकी २२५ आणि २४ जूनला मुख्यमंत्रिपदाची शपथ. त्यानंतरचे घोटाळे, खटले, पायांवर लोटांगण घालणारे मंत्री, हा दुसऱ्या अभ्यासाचा विषय. एक मात्र इथेच नोंदवायला हवं. ज्या खालच्या कार्यकर्त्याच्या जोरावर त्या पक्ष जिंकल्या, त्याला त्यांनी पुढे काही ठरवू दिलं नाही. वरच्या मजल्यावरही कुणाला मोठं होऊ दिलं नाही. एमजीआरांची चूक त्यांनी तपशिलात गिरवली.

५ डिसेंबर २०१६ ला त्या गेल्या. पार्थिव पुन्हा राजाजी हॉलमध्ये, उशाशी पुन्हा एक बाई तासन्‌तास उभी : त्यांची जिवलग मैत्रीण शशिकला. पक्ष पुन्हा फुटला आणि मार्च २०१७ मध्ये आयोगाने दोन पानं पुन्हा गोठवली. एका गटाला विजेचा खांब, दुसऱ्याला टोपी. नोव्हेंबरमध्ये पानं पळनिस्वामी-पनीरसेल्वम यांच्या एकत्र आलेल्या गटाला परत मिळाली. आमदार, सरकार, पक्षाचं नाव सगळं त्यांच्याकडे होतं. महिन्याभरात जयललितांच्याच आर. के. नगर मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शशिकलांचे भाचे दिनकरन प्रेशर कुकर हे चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले, आणि दोन पानांचा उमेदवार चाळीस हजारांहून जास्त मतांनी पडला.